भिंतीवरच्या स्की

मुलांनो, आम्ही नोएडाच्या नव्या सेक्टरात राहायला आलो, तेव्हा शेजारच्या काकांच्या भिंतीवर परदेशी स्की, म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या, टांगलेल्या होत्या. "ताज्या बर्फावर तरंगतात, कडक बर्फावर वळताना धार रोवतात, ओल्यात जरा अडतात, बस्स!" असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. मला मात्र संशय होता, कारण त्या स्कींच्या पोलादी कडांवर एकही ओरखडा नव्हता.

बर्फात घसरायला औलीला निघालेल्या तुमच्या बाबांनी त्या मागितल्या. काकांनी हसत दिल्या आणि मग जिन्यावरून अनवाणीच आमच्या मागे धावले.

"नको नेऊस, यार! मी कधी वापरल्याच नाहीत. पडल्यावर बूट स्कीतून सुटतो की अडकून राहतो, ठाऊक नाही. पाय मोडशील!"

रविवारी, स्की परत भिंतीवर गेल्यावर, पाहुण्यांसमोर तेच वर्णन सुरू झालं. मला पाहून काका कडक बर्फापाशीच अडखळले.

मी पाहुण्यांमध्ये बसत म्हटलं, "ओल्या बर्फाचंही सांगा ना."