तेलाचा बोल्ट मी आवळला नव्हता

दिघीतल्या आमच्या घरासमोर सहा वर्षं एक जुनी व्हॅन ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन जाम झालेलं. कुणी विचारलं की माझा धाकटा भाऊ हसत सांगायचा, "वहिनींनी तेलाचा लाल दिवा लागलेला असताना पळवली." विचारणाऱ्याला तेवढं पुरायचं. मी तिथंच उभा असायचो, चपलेनं माती उकरत.

आता सांगतो. ऐकून कुणाला कमीपणा वाटला तर वाटू दे.

मी चाकणला एका कारखान्यात इंजिनाच्या लाइनवर तेवीस वर्षं आहे. माझ्या स्टेशनवर बोल्ट हातानं दोन-तीन आटे बसवायचा आणि इंजिन पुढं सोडायचं. पुढच्या स्टेशनचा माणूस तो मशीननं आवळतो आणि पिवळी खूण करतो. दिवसातून किती वेळा, मोजायचं सोडून दिलंय. हात आपोआप चालतो, आपोआप थांबतो.

त्या रविवारी मी घरीच व्हॅनचं तेल बदललं. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा बोल्ट काढून जुनं तेल सोडलं, बोल्ट परत हातानं दोन-तीन आटे बसवला आणि उठलो. हाताला वाटलं, झालं. नवं तेल ओतलं, हात धुतले, जेवलो. घरी पुढचं स्टेशन नसतं, हे माझ्या हाताला माहीत नव्हतं.

सोमवारी बायको नेहमीसारखी जेवणाचे डबे घेऊन तळवड्याला निघाली. तिथल्या छोट्या कारखान्यांत तिचे डबे जायचे. गल्लीत गाडी चालवणारी ती पहिली बाई. वाटेत बोल्ट गळून पडला, तेल रस्त्यावर गेलं आणि इंजिन जाम झालं. गाडी दोर बांधून घरी आणली. शिफ्टवरून येऊन मी खाली शिरलो, तर चेंबरचं भोक उघडं.

मी उठलो, दुकानातून नवा बोल्ट आणला आणि बसवला. या वेळी पान्यानं, घट्ट. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या चाचांना बोलावलं. ते इंजिन बघत होते तेव्हा मीच म्हणालो, "तेल जळून गेलं असणार. हिनं दिवा बघितला नाही." ते वाक्य भावाचं नाही. पहिल्यांदा माझ्याच तोंडातून निघालं.

"लाइट लागल्या लागल्या मी गाडी बाजूला घेतली होती," ती म्हणाली. पुढं कितीतरी दिवस म्हणत राहिली. मग थांबली.

आमच्या कारखान्यात चूक झाली की सकाळच्या मीटिंगला ती करणाऱ्याला सगळ्यांसमोर उभं करतात. का झालं, हे पाच वेळा विचारून फळ्यावर लिहितात. मी स्वतः लोकांना तसं उभं केलंय. घरी मला कुणी एकदाही 'का' विचारलं नाही. तिला विचारलं, सगळ्यांनी विचारलं. तिनं डबे बंद केले. आता ती एका कंपनीत पॅकिंगला जाते, कंपनीच्या बसनं.

यंदा दिवाळीआधी भंगारवाला व्हॅन बघायला आला. म्हणाला, "ताई, विकताय का? चालवत नाही वाटतं कुणी?" ती सहज म्हणाली, "न्या. मला कुठं चालवता येते?"

सहज म्हणाली, तेच मला लागलं. मी भंगारवाल्याला परत पाठवला. त्याच मॉडेलचं, अपघातात गेलेल्या एका गाडीचं चांगलं इंजिन शोधलं, आरटीओत इंजिन बदलाचा अर्ज दिला आणि इंजिन टेम्पोत घालून घरी आणलं. भावानं वरच्या गॅलरीतून बघितलं.

"दादा, काय करायलास हे? त्या डबड्याला आता नवं हृदय?"

"बसवणार. घरीच बसवणार."

"गॅरेजला टाक की."

"नाही."

आम्ही लातूरकडची माणसं, ताठपणा रक्तातच, असं तो काहीसं पुटपुटला. पुटपुटू दे. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि खालून उतरवावं लागतं. चाचांनी जॅक आणि लाकडी ठोकळे दिले, स्वतःही आले. पहिल्या रविवारी जुनं उतरवलं. दुसऱ्या रविवारी नवं वर चढवलं. गिअरबॉक्सशी जुळता जुळेना. मी खाली उताणा पडून खांद्यानं रेटत होतो, चाचा बाजूनं "थोडा डावीकडे, अजून, बस" म्हणत होते. बायको पायरीवर मेथी निवडत होती. इकडं बघतसुद्धा नव्हती.

इंजिन बसलं. चेंबरच्या बोल्टला पाना लावला तेवढ्यात भाऊ खाली आला.

"वहिनी, या वेळी लक्षात ठेवा हां. लाल दिवा डेकोरेशनला नसतो."

मी गाडीखालूनच बोललो, "बोल्ट मी आवळला नव्हता."

"काय?"

गाडीखालून नीट ऐकू गेलं नाही. सहा वर्षांनी बोललो तेही पुन्हा बोलावं लागलं. सरपटत बाहेर आलो, तोंडाला काळं ग्रीस, आणि उभा राहून सगळं सांगितलं. हातानं बसवलेला बोल्ट, उघडं भोक, दुकानातला नवा बोल्ट, माझं वाक्य.

"अरे हळू, लोक ऐकतायत," भाऊ म्हणाला.

"ऐकू देत. दिव्याची गोष्ट तू हळू सांगत होतास का?" मी आवाज वाढवला. समोरच्या काकू कपडे वाळत घालायच्या थांबल्या. थांबू देत.

चाचा जॅकचा दांडा पुसत म्हणाले, "चेंबर काळं आणि बोल्ट नवा कोरा. मला तेव्हाच दिसलं होतं."

"मग बोलला का नाही?" मी विचारलं.

"मला वाटलं तुम्ही बोलाल. आज बोलाल, उद्या बोलाल."

बायको उठली. मला वाटलं आत जाईल. ती जुन्या इंजिनापाशी आली.

"कुठला बोल्ट?"

मी दाखवला.

"काढा."

पान्यानं काढून तिच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट बघितला आणि भावाच्या तळहातावर ठेवला. "घ्या भाऊजी. डेकोरेशनला."

चाचा एवढे हसले की त्यांना ठोकळ्यावर बसावं लागलं. मी हसलो नाही. ती माझ्याकडं वळली होती.

"मी गाडी लगेच बाजूला घेतली होती," ती म्हणाली.

"हो. घेतली होतीस."

"सहा वर्षं."

तिनं माफ केलं असं म्हटलेलं नाही. मी माफी मागितलेलीही नाही. मागून मोकळं व्हायचं सुख मला नको.

मी परत खाली शिरून बोल्ट पान्यानं घट्ट आवळला, तेल भरलं. नवं इंजिन तिसऱ्या सेल्फला सुरू झालं. ठोकळे काढले. आरटीओचं काम होईपर्यंत गाडी मोठ्या रस्त्यावर न्यायची नव्हती, पण चालते का बघायला गल्लीच्या टोकापर्यंत न्यायला हवी होतीच. मी ड्रायव्हरच्या दाराशी गेलो तर ती आधीच आत बसलेली, सीट पुढं ओढत. मी पलीकडच्या दाराला हात घातला.

"तुम्ही नको. तुम्ही खाली बघा, तेल गळतंय का."

पहिला गिअर खरखरला, दुसऱ्यांदा नीट पडला. व्हॅन गल्लीच्या टोकाला गेली, वळली, परत आली, थांबली नाही, पुन्हा गेली. मी गुडघ्यांवर बसून रस्ता बघत होतो. कोरडा होता. ती परत आली तरी मी उठलो नाही. बघायला सांगितलं होतं, मी बघत होतो.