चंपतराव लेडीज सायकलवर बसले

प्रताप नगरच्या चौकात, निंबाखाली, चंपतरावांचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार लाकडी बल्ल्या आणि वर पत्रा. पण १९७३ साली त्या भागात कोणाची सायकल कुरकुरली की माणूस सरळ त्यांच्याकडेच यायचा. चंपतराव सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी करायचे, चाक हातानं फिरवायचे, पेचकसाचं टोक एक्सलला लावायचे आणि त्याची लाकडी मूठ कानाला. मग डोळे मिटून निदान सांगायचे. "खरखर येऊन राहिली ना, मंजे चाकातले छर्रे घासले. खटखट असन त एक्सलवरचा कोन ढिला." शंभरात नव्याण्णव वेळा तेच निघायचं. उरलेल्या एका वेळेबद्दल ते बोलत नसत.

त्यांचा एक नेम होता. गिऱ्हाइकाच्या सायकलवर टांग टाकायची नाही. त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं की 'जरा पाहून आणतो' म्हणून जो मिस्त्री चक्कर मारायला निघतो, तो येताना बाजारातून स्वतःच्या घरासाठी भाजी घेऊन येतो. बावीस वर्षं चंपतरावांनी हा नेम पाळला आणि, खरं सांगायचं तर, त्याचा त्यांना गर्वच झाला होता. गर्वानं माणूस आंधळा होतो म्हणतात. चंपतराव बहिरे झाले.

त्याचं असं झालं. गल्लीतल्या श्रीधरपंतांची सून प्रमोदिनी हुडकेश्वरच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागली होती. नवरा नोकरीला बल्लारशाला, घरी ती आणि कोर्टातून निवृत्त झालेले सासरे. शाळेचा रस्ता लांबचा, निम्मा शेताशेतांतून, बस नाही. म्हणून सायकल. आणि त्या सायकलच्या मागच्या चाकातून महिनाभर टिक, टिक असा आवाज येत होता. वाजणारी सायकल एक दिवस आडवाटेला मोडते, असं श्रीधरपंतांचं ठाम मत. त्यात दुष्टपणा नव्हता, भीती होती. आवाज गेला नाही तर शाळा सोड, असं त्यांनी तिला सांगून टाकलं. ती शाळा तिला फार हवी होती. तिथल्या पोरांना ती वाचायला शिकवत होती, आणि जन्मात पहिल्यांदा आपण कोणीतरी आहोत असं तिला वाटू लागलं होतं.

ती दोनदा दुकानात आली. चंपतरावांनी छर्रे बदलले, कोन कसला, मडगार्डची तार आवळली. उलट्या सायकलचं चाक गुमान फिरायचं आणि दुसऱ्या दिवशी बाई परत. तिसऱ्यांदा, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, श्रीधरपंत बरोबर आले. चंपतरावांनी पुन्हा पेचकस लावला. काही नाही. चौकातली चार माणसं बघत होती, तेव्हा ते तडकले.

"चाक चूप आहे, बाई. आवाज तुमच्या कानात असन."

"मी खोटं कशाला सांगू?" प्रमोदिनी म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

"मिस्त्रीच हात टेकून राहिला, म्हणजे संपलं," श्रीधरपंत म्हणाले. "चंपतराव, सायकल इथेच राहू द्या. विकायला गिऱ्हाईक पाहा. सोमवारपासून शाळा बंद."

दोघं गेली. चंपतरावांनी जिंकल्यासारखं पान लावलं, पण ते गोड लागेना. दुपारी बायको सुभद्रा डबा घेऊन आली, तर हे भाकरी हातात धरून बसलेले. काय झालं ते त्यांनी सांगितलं. सुभद्रेनं उलट्या सायकलकडे पाहिलं.

"आपली बाज रिकामी असली त करकरते का?" ती म्हणाली. "तुमी आंग टाकलं का मंगच करकरते ना? मंग हे सायकल रिकामी काहून बोलन?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. चंपतरावांनी भाकरी ठेवली.

"बसून पाहा लागन. पण उस्तादानं..."

"उस्तादानं भाजी आणाले मना केलं होतं. आयकाले नाही."

तर भर दुपारी, बावीस वर्षांनी, चंपतरावांनी गिऱ्हाइकाची सायकल सरळ केली आणि तिच्यावर बसले. तीही लेडीज. बुटकी सायकल, उंच माणूस. गुडघे हँडलला लागत होते. चहावाल्यानं वेणी घालायचा सल्ला दिला, रिक्षावाले खिदळले. चंपतरावांचं कोणाकडे लक्ष नव्हतं. दहा हात गेल्याबरोबर खालून आवाज आला होता. टिक. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक.

ते उतरले आणि रस्त्यातच चाकाशी बसले. चाकाच्या सगळ्या तारा गंजून तांबूस झालेल्या, पण एका जागी, जिथे दोन तारा एकमेकींवरून जातात, तिथे चकचकीत घासलेलं. वर माणूस बसला की खालच्या तारा सैलावायच्या आणि ही ढिली जोडी घसरून वाजायची. त्यांनी दोन्ही तारा बेतानं कसल्या, प्रत्येक फुलीवर तेलाचा थेंब सोडला आणि पुन्हा चक्कर मारली. आता नुसता वारा ऐकू येत होता.

सायकल हातानं ढकलत ते श्रीधरपंतांकडे गेले. 'नवीन बिघाड होता, काढला' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. वाटेत तो विचार मनात आलाही. पण श्रीधरपंत ओसरीवर होते, प्रमोदिनी दारात उभी होती, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते त्यांच्यानं होईना.

"आवाज खरा होता, पंत," ते म्हणाले. "बाई खरं बोलून राहिल्या होत्या. चुकी माही होती, आन् मी चौकात त्याइलेच खोटं पाडलं. दोन ढिल्या तारा, बस. ही सायकल मोडत नाही." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "माफ करा, बाई. बसून पाहा."

प्रमोदिनीनं गल्लीच्या टोकापर्यंत सायकल नेली आणि परत आणली. श्रीधरपंत फाटकात कान देऊन उभे होते. ती जवळून गेली तरी काही वाजलं नाही.

"सोमवारी शाळेतून आलीस की फाटकाशी घंटी वाजव, सूनबाई," ते म्हणाले. "त्या आवाजावरूनच मला कळेल, तू सुखरूप आलीस म्हणून."