लेस्टरच्या टाकीतली पिल्लं

आमचा लेस्टर जहाजावरून परत आला तेव्हा पाचूबंदरात सगळ्यांना वाटलं, पोरगा रजेवर आलाय. क्रूझ जहाजावरच्या नोकरीचे दोन करार त्याने नीट पुरे केले होते. तिसरा मात्र अर्ध्यावर टाकून आला. पाण्याच्या पातळीखालच्या बिनखिडकीच्या खोलीत त्याला श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. घरी आल्यावरही तो दार सताड उघडं ठेवूनच झोपायचा, आणि मी आतल्या खोलीत त्याच्या श्वासाकडे कान लावून पडलेली असायचे.

मग एक दिवस त्याने काचेची मोठी टाकी आणली. शुद्ध केलेल्या पाण्यात विकतचं मीठ विरघळवून तो समुद्राचं पाणी तयार करू लागला. माझ्या सासूबाई, क्लेमेंटीन, त्यांनी सारा जन्म बाजारात मासळी विकली. त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"दारात दर्या हाय आनि पोरगा मीठ इकत आनतोय!"

"आजी, आपल्या बंदराचं पाणी गढूळ आहे, त्यात बोटींचं डिझेल. हे मासे त्यात मरतील."

"आमी मेलो का त्यात?"

पाणी माशांना मानवेल असं मुरेपर्यंत त्याने टाकीत एकही मासा सोडला नाही. शेजारच्या बायका मुद्दाम येऊन रिकामं पाणी बघून जायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या, की मी घाईघाईने चहाचं विचारायचे.

अखेर क्लाउनफिशची जोडी आली. केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे. लेस्टरने टाकीत कौलाचा एक तुकडा टेकवून ठेवला होता, त्यावर काही महिन्यांनी मादीने अंडी घातली. नर दिवसभर परांनी त्यांना वारा घालायचा. माझा नवरा पास्कल मासेमारीच्या बोटीवरून आला की न जेवता आधी तिथे उभा राहायचा.

"अंडी नवरा सांभाळतो? मग ही काय करते?"

"ती मोठी असते, डॅडी. नुसतं लक्ष ठेवते. कोणी जवळ गेलं तर चावते."

पास्कलने माझ्याकडे पाहिलं. "बरं, म्हणजे आपल्यासारखंच."

त्या संध्याकाळी लेस्टर हसला. त्याला हसताना पाहून मला बरं वाटलं, आणि हे किती दिवस टिकेल अशी धास्तीही.

कारण जहाजाचा एजंट नव्या करारासाठी फोन करत होता. पास्कलचं म्हणणं सरळ होतं. "एका खेपेची पिल्लं जगव. माणिकपूरचा शोभेच्या माशांचा दुकानदार ती घेतो म्हणालाय ना? मग राहा घरी. नाहीतर करारावर सही कर. जवान पोराने टाकीसमोर बसून आयुष्य काढायचं नाही." लेस्टरने मान डोलावली. मला मात्र ती बिनखिडकीची खोली दिसू लागली.

पहिल्या खेपेची बहुतेक अंडी फुटलीच नाहीत. दुसऱ्या खेपेचंही तसंच. फुटायच्या दिवशी तो कौलाचा तुकडा उचलून लहान टाकीत ठेवायचा. पिल्लं पुऱ्या काळोखातच बाहेर येतात, म्हणून त्या टाकीच्या चारही बाजूंना त्याने काळा रंग दिला होता. पिल्लांच्या खाण्यासाठी डोळ्यांना न दिसणारे जीव बाटल्यांमध्ये वाढवले होते. सगळं जागच्या जागी होतं, तरी सकाळी कौलावर मेलेली अंडी. तिसरी खेप आली, तोवर एजंटने सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं.

त्या शनिवारी अंड्यांत चंदेरी डोळे दिसू लागले. म्हणजे फुटणार ती आजच. पास्कल बोटीवर होता. जेवणं आटोपल्यावर लेस्टरने दिवे मालवले, खिडकीवर चादर ठोकली आणि लहान टाकीवर वाकला. बराच वेळ तो तसाच होता.

"मम्मी, पाण्यात हे लाल काय आहे?"

मी पाहिलं. पाण्यावर लाल ठिपका हलत होता. आम्ही दोघांनी मग वर पाहिलं.

टाकीच्या बरोबर वर आमचं आल्तार आहे, येशू आणि मरियामातेच्या मूर्तींचा कोनाडा. घरातला पुरुष दर्यावर असला की तिथला लाल बल्ब रात्रभर जळतो. वीज गेली तरी हवेचा पंप चालू ठेवणारा इन्व्हर्टरचा प्लग तिथेच, म्हणून टाकीही तिथेच. लेस्टर जन्मल्यापासून तो दिवा बघत आलाय. तो उजेड आहे, हे त्याला सुचलंच नव्हतं, आणि मलाही नाही.

सासूबाई रोझरीची जपमाळ हातात धरून खाटेवर बसल्या होत्या. "माज्या दिव्यानं मेली व्हय पिल्लं?"

"नाही गं आजी. मी वर पुठ्ठा ठेवतो. तुझा दिवा राहू दे."

त्याने पुठ्ठा ठेवला, पण हवेच्या नळीपाशी फट राहिली. त्याने चिंधी कोंबली, तर नळी दबून बुडबुडे बंद पडले. पुन्हा काढली. सासूबाई हे सगळं बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे मोबाईल मागितला. बोट किनाऱ्याजवळ आली होती, फोन लागला.

"पास्कल? कवा येतोस?"

"पहाटे. काय झालं?"

"तुजा दिवा इझवायचा हाय. पोराच्या माशांसाटी."

इंजिनाच्या घरघरीतून पास्कल ओरडला,

"विझव आई. बोटीवर जीपीएस आहे."

"तुज्या जीपीएसला कोन इचारतंय!" असं म्हणत त्या उठल्या आणि त्यांनी बटण बंद केलं. त्या घरात इतका काळोख मी कधी पाहिला नव्हता. सासूबाईंनी मोठ्याने रोझरी सुरू केली. लेस्टरही म्हणू लागला, कित्येक दिवसांनी.

रोझरी संपल्यावर बऱ्याच वेळाने त्याने मंद टॉर्च पाण्यावर धरला. उजेडाच्या गोलात पापणीच्या केसाएवढे जीव तरंगत होते. असंख्य. "बाहेर आली," एवढंच तो म्हणाला. सासूबाईंनी लगेच विचारलं, "झालं ना? आता लावू?" आणि दिवा लावूनच त्या पडल्या.

पुढचे दोन दिवस पिल्लं मरतही होती. लेस्टर मेलेली नळीने ओढून काढायचा. सोमवारी एजंटचा फोन आला तेव्हा पिल्लांच्या अंगावर अजून पट्टे यायचे होते, किती जगतील हेही ठाऊक नव्हतं. म्हणजे पास्कलची अट पुरी झाली नव्हती. लेस्टर पाणी बदलत होता, म्हणून फोन पास्कलने उचलला. मी स्वयंपाकघरात हातातलं काम सोडून उभी राहिले.

"लेस्टर? तो कामात आहे," पास्कल म्हणाला. "नाही, या वेळी नाही येणार. दुसरा माणूस बघा."

फोन ठेवून तो टाकीपाशी गेला. "नळी कुठे धरू, सांग," त्याने पोराला विचारलं.