भोंगा बदलला होता

मंदाताई गेल्या त्याला पाच आठवडे झाले. बातमी आली तेव्हा मी गच्चीवर कुरडया उलटत होते. फोन त्यांच्या मुलीचा, शीतलचा होता. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली, आणि मी "बरं" म्हणाले… फोन ठेवल्यावर कळलं आपण काय बोललो ते. वेळेवर शब्द सुचणं मला कधी जमलंच नाही. ताईंना ते माहीत होतं, आणि त्याचा त्रासही त्यांनाच झाला.

ताई शेतीच्या पाहणीचं काम करायच्या. पिकाला खरा खर्च किती येतो हे कळावं म्हणून सरकार देशभरातली काही गावं निवडतं, गावातली काही घरं निवडतं, आणि त्या घरी वर्षभर माणूस येऊन विचारतो. बी किती लागलं, शेणखत किती टाकलं, मोटर किती तास चालली, रानात कोण किती वेळ राबलं. आमचं चऱ्होलीचं घर त्यात निघालं. तेव्हा आमची दोन एकर होती. कांदा, मेथी, कोथिंबीर. ताई लातूरकडच्या, चिखलीत भाड्यानं राहायच्या. दर मंगळवारी स्कूटीवरून यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "काय करलालाव, वैनी?" त्यांचं ते बोलणं ऐकून मला हसू यायचं. पदर तोंडाला लावून मी आत पळायचे.

पहिल्या मंगळवारी त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी कडेला मेथीच्या जुड्या बांधत होते. त्यांनी आमच्या यांना विचारलं, "घरच्या बायकांचं काम किती तास लिहू?"

हे म्हणाले, "ती कुठं कामाला जाती? घरीच असती की. तिचं काय लिहायचं न्हाई."

ताईंनी माझ्या हाताकडं पाहिलं, मग जुड्यांच्या ढिगाकडं. "मग ही मेथी सोताच गाठ मारून घेती व्हय, भाऊ?"

हे एवढे हसले की ठसका लागला. त्या दिवसापासून ताई माझे तास मलाच विचारू लागल्या. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण दिवसभर काय केलंस असं मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. सुरुवातीला मी दाराच्या आडून सांगायचे. मग उंबऱ्यावर बसून. पुढं पुढं तर सोमवारपासूनच मनात जुळवून ठेवायचे, उद्या ताईंना काय काय सांगायचं ते. खुरपणीच्या मधेच माहेरचं काही आठवायचं, तेही सांगायचे. त्या लिहिणं थांबवून ऐकायच्या. "हे फारमात बसत न्हाई वैनी, पर सांगा," म्हणायच्या.

वेळ मी भोंग्यावर सांगायचे. पलीकडच्या कंपनीचा पहिल्या शिफ्टचा भोंगा सातला व्हायचा, तो झाला की मी रानात. साडेतीनच्या भोंग्याला माघारी. ताईंनी पहिल्या महिन्यात स्वतः घड्याळ लावून हे ताडून पाहिलं होतं, मगच लिहायला लागल्या.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांचे वरचे साहेब तपासणीला आले. बरोबर आणखी दोघं. मी चहा देऊन दाराआड उभी राहिले. साहेबांनी यांना विचारलं, "मंडळी रानात कधी जातात?"

"सहाला," हे म्हणाले. "माझा मोबाइलचा गजर वाजतो तवाच ही निघती."

साहेबांनी कागद चाळले. दोन महिने रोज सात लिहिलेलं. ते ताईंना म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथं येता, का घरी बसून भरता?"

तेव्हा कुठं दाराआड मला उमगलं. कंपनीनं पहिली शिफ्ट एक तास अलीकडं आणली होती. उजाडतही लवकर होतं, त्यामुळं मला काही वाटलंच नाही. भोंगा झाला की मी निघत होते, आणि ताईंना सवयीनं सातच सांगत होते. "भोंगा बदललाय" एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. पण तीन परके पुरुष बसलेले… ताईंनी एकदाच दाराकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "माझी चूक हाय साहेब. पुन्हा विचारून भरते." साहेबांनी लाल पेनानं काहीतरी शेरा लिहिला.

पुढच्या मंगळवारी मी रडत रडत सगळं सांगितलं. ताई हसू लागल्या. "आवो, माणसं खोटं सांगतेत ते मला वळखू येतंय. भोंग्याचं कसं वळखावं?" दोन महिन्यांचे तास त्यांनी पुन्हा माझ्याशेजारी बसून नीट केले. म्हणाल्या, "साहेब परत येतेल, तवा तुमच्या तोंडानं सांगा. मी सांगून काय उपेग?"

मी ते वाक्य पाठ केलं. भाकरी थापताना म्हणायचे, रानात म्हणायचे. साहेब परत आले नाहीत. पुढच्या वर्षी ताईंचा हुद्दा वाढायचा होता, तो दुसऱ्याच कोणाला मिळाला. कारण मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मग आमची जमीन गेली, तिथं इमारती उठल्या, पाहणीतून आमचं नाव निघालं. तरी ताई वर्षातून चार-पाच वेळा येऊन जायच्याच, आजारी पडेपर्यंत.

तेराव्याला मी एकटीच चिखलीला गेले. ऑफिसची माणसं आली होती, त्यांत ते साहेबही. केस सगळे पांढरे झालेले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आवाज माझाच होता, पण ओळखू आला नाही. "साहेब, त्या वर्षी कंपनीचा भोंगा बदलला होता. ताईंनी मी सांगितलं तेच लिहिलं. त्या दर मंगळवारी यायच्या."

त्यांना काही आठवेना. "कोणत्या गावच्या तुम्ही?" त्यांनी हात जोडत विचारलं. मी गाव सांगितलं. "असेल, असेल," ते म्हणाले. "मॅडमचं काम चोख होतं." आणि चप्पल शोधायला लागले.

शीतल मागं उभी होती. तिनं विचारलं, "कसला भोंगा, मावशी?" ताईंनी घरी कधी काही सांगितलंच नव्हतं. मी सांगायला लागले… पण ताईंसारखं मधेच थांबवून, "आन् मग?" असं विचारणारं आता कोण होतं?

आता शेत नाही. चौथ्या मजल्यावर राहतो. तरी सोमवार आला की मन आपलं जुळवायला लागतं. सकाळी दोन तास ज्वारी निवडली. दुपारी नातीचं स्वेटर उसवून पुन्हा विणायला घेतलं. संध्याकाळी खिडकीत बसले, रान होतं तिकडं पाहत… किती वेळ, ते मात्र सांगता येत नाही, ताई.