सासऱ्यांची तीन नंबरची लाइन

शांघायच्या तीन नंबरच्या मेट्रोवर आमच्या सासऱ्यांइतकं जिवापाड प्रेम करणारा माणूस खुद्द शांघायमध्येही सापडायचा नाही. ती मेट्रो त्यांनी बांधली नाही की चालवली नाही. पुण्याच्या एका कंपनीने मशिनं बसवायला त्यांना तीन वर्षं तिकडे धाडलं होतं, तेव्हा ते तिच्यातून कामावरून घरी यायचे, इतकंच. पण उन्हाळ्यात ते आमच्याकडे सँडीफोर्ड या आयरिश उपनगरात राहायला आले आणि महिन्याभरात तिची स्टेशनं घरातल्या सगळ्यांना सुलटी-उलटी पाठ झाली. माझी आठ वर्षांची लेक मराठीत विचारलेल्या प्रश्नालाही आयरिश हेल काढून इंग्रजीत उत्तर देते. चिनी स्टेशनं मात्र ती न अडखळता म्हणते.

इथल्या लुआस ट्रामबद्दल त्यांचं मत बेताचंच आहे. "जावईबापू, मेट्रो कशी खांबांवर हवी. ही बिचारी सिग्नलला थांबते, सायकलवाल्यांना वाट देते!" तरी रोज सकाळी ते लुआसने शहरात जाऊन येतात. हातात पेपर असतो, तो उघडत नाहीत. गाडी मिलटाउनच्या उंच पुलावर आली की ताठ होतात आणि काचेला नाक लावून खालची घरं न्याहाळतात. एकदा परसात कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईंना त्यांनी इतक्या आपुलकीने हात केला की बाईंनीही उलट हात केला, आणि शेजारी बसलेली माझी बायको लाजेने अर्धी झाली.

"बाबा, लोकांच्या घरात असं डोकावू नये!"

"डोकावतोय कुठे? गाडीच तिथून जाते, त्याला मी काय करू?"

परवाच्या शनिवारी शेजारचे शॉन चहाला आले. सासऱ्यांनी लगेच किचनच्या कपाटातले राजम्याचे डबे काढून टेबलावर खांब उभे केले, त्यांवर नातीची फुटपट्टी टाकली आणि तिच्यावरून बिस्किटांचा पुडा सोडला. शॉन "ग्रँड, ग्रँड" म्हणत मान डोलावत होते. त्या भरात सासरे अभिमानाने सांगून गेले, की कंपनीची बस थेट दारात सोडायची, पण आपण रोज पाऊण तास जास्त घालवून मेट्रोनेच यायचो.

शॉन गेले आणि बायकोचा बांध फुटला. "पाऊण तास? मी सातवी ते नववीत होते, बाबा. तुम्ही फक्त रविवारी फोन करायचात. 'अभ्यास कसा चाललाय' विचारायचात आणि दमलोय म्हणून ठेवून द्यायचात. आणि गाडीत फिरायला रोज पाऊण तास होता तुमच्याकडे?"

सासरे डबे आवरत होते, ते थांबले. माझी तर तिथून उठायचीही हिंमत होईना.

"एक वळण होतं," ते म्हणाले. "तिथे गाडी हळू व्हायची. तिसऱ्या मजल्यावर, अगदी खिडकीशी, तुझ्याएवढी एक मुलगी अभ्यास करत बसलेली असायची. चार सेकंद दिसायची. बसमधून नसती दिसली." मग डब्याकडे बघत म्हणाले, "फोनवर तुझा आवाज आला की मला बोलताच यायचं नाही गं. म्हणून ठेवायचो."

बायकोने त्यांच्यासमोरचा डबा उचलून ठेवला. मग तिने विचारलं, "कसला अभ्यास करायची ती?"

"चार सेकंदांत काय कळणार? तुझाही कुठे कळला मला?"

हल्ली ऑफिसातून आली की माझी पस्तिशीची बायको चहा घेऊन त्यांच्यापाशी बसते आणि शाळेतलं सांगते: कोणत्या बाई ओरडायच्या, भूमितीत ती का नापास झाली, मैत्रिणीशी अबोला कशावरून धरला. सासरे बारीकसारीक प्रश्न विचारतात, शांघायचं नावही काढत नाहीत. मला त्या दोघांकडे बघून भरून येतं, आणि काळजीही वाटते. त्यांचं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं आहे, आणि हिची अजून सातवीच चालू आहे.