बांध कुठवर न्यायचा?

ताईच्या सासरी समुद्र अंगणाला टेकला होता आणि भावोजींनी आमच्या ह्यांना तातडीनं बोलावलं होतं. हे बंगलोरच्या सरकारी कारखान्यातले यंत्रांचे इंजिनियर. समुद्राशी संबंध मासे खाण्यापुरता. पण आमच्या नात्यागोत्यात एकदा इंजिनियर म्हटला, की त्याला पंख्यापासून पुलापर्यंत सगळं कळलंच पाहिजे. गंमत म्हणजे ह्यांनाही तसंच वाटायचं.

साठचं दशक, पावसाळा नुकताच सरलेला. रात्रीच्या गाडीनं हुबळी, तिथून कारवारकडची बस. तुम्ही त्या वाटेनं जाणार असाल तर घाटाआधी पोटभर खाऊ नका. मी हुबळीत इडल्या चापल्या आणि यल्लापूरच्या पुढे पस्तावले. कंडक्टर मात्र "अक्का, स्वल्प सरका" म्हणत माणसं कोंबतच होता.

किनारा पाहून मी गोंधळले. ताईच्या लग्नात, मे महिन्यात, इथे मांडव घालण्याइतकी वाळू होती. आता माडांची मुळं उघडी पडली होती.

"पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात, दिवाळीनंतर थोडी थोडी परत आणतात," भावोजी म्हणाले.

"मग काळजी कसली?" मी विचारलं.

"यंदा नेली तेवढी यायची नाही."

उत्तरेच्या शेजाऱ्यानं आदल्या वर्षी काळ्या दगडांचा बांध घातला होता. त्याचं घर सुखरूप होतं, पण बांध संपतो नेमकी तिथूनच ताईची जमीन खचत होती. म्हणजे बांधानं समुद्र अडवला, की आमच्याकडे वळवला?

हे किनाऱ्यावर दोन फेऱ्या मारून आले. म्हणाले, "बांध पुढे न्या. तुमची हद्द संपेपर्यंत."

तेवढ्यात दक्षिणेकडची शेजारीण शेवंतीबाय पाहुण्यांसाठी माशाचं कालवण घेऊन आली. तिनं ते ऐकलं.

"तुमची हद्द दगडांना कळेल," ती म्हणाली. "लाटेला कोण सांगणार?"

ताईनं मान खाली घातली. "मग घर पडू देऊ का, बाय?"

"तसं कुठे म्हणते मी?" असं म्हणून ती कालवण ठेवून गेली. कालवण फार चवदार होतं आणि मी दोनदा वाढून घेतलं. मला दोघींचंही पटत होतं, त्याचाच वैताग येत होता.

आम्ही बंगलोरला परतलो. बांध झाला, ताईचं घर वाचलं. पुढच्या वर्षी ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा तोंडावर तेज होतं, पण ताटातला भात नुसता चिवडत होती.

"शेवंतीबायचं अंगण गेलं," ती म्हणाली. "आता तीही दगड घालणार आहे. इंजिनियरसाहेबांना विचार म्हणाली, बांध कुठवर न्यायचा?"

हे उत्साहानं सरसावून बसले. मी मध्येच विचारलं, "तिच्या पलीकडे कोण राहतं?"

"तिची लेक. नुकतंच घर बांधलंय."

हे पुन्हा मागे टेकून बसले. त्या निरोपाला आम्ही उत्तर धाडलं नाही. काय धाडायला हवं होतं, ते मला अजूनही उमगलेलं नाही.