साहेब उठले नाहीत

धर्मादादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ठाण्याच्या शाळेत नागरिकशास्त्राचा तास घेत होतो. आमच्या बाळकुम गावाहून त्याचा धाकटा मुलगा पोशा वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, बाबा गेला." फळ्यावर मी नुकतंच लिहिलेलं... कायदा करणारे, तो राबवणारे, न्याय देणारे. खडू ठेवला आणि निघालो. दादा माझा चुलतभाऊ, पण वयानं बापासारखा. त्याला जाऊन आता महिना होत आला. दुःख आहेच, पण राग त्याहून जास्त आहे, आणि तो काढायचा कुणावर हेच कळत नाही.

दादा गावचा पंच होता. पंच देवळाच्या ओट्यावर बसत, आणि गावात एक जुनी रीत होती. ज्या पंचाच्या घरचा तंटा असेल त्यानं ओट्यावरून उठायचं, खाली वाटेवर जाऊन बसायचं आणि निकाल लागेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. आधी तो पंच उठणार, मग माणसं बोलणार. तो उठल्याशिवाय कुणी तोंडच उघडत नसे. एकदा बांधाच्या भांडणात दादाच्याच विरुद्ध निकाल गेला. वाटेवर बसून त्यानं तो ऐकला, "बरं" म्हणाला आणि घरी जाऊन पोटभर जेवला. पुढे देशाची घटना आली, तेव्हा मी मोठ्या हौसेनं त्याला सांगायला गेलेलो, की दादा, आता राज्य चालवणारा वेगळा आणि न्याय करणारा वेगळा. त्यानं विडी पेटवली. "मंग आतापरत काय करीत व्हते रे?" एवढंच म्हणाला.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी खाडीकडचं त्याचं भाताचं शेत सरकारी गोदामासाठी घ्यायचं ठरलं. अख्खं घर त्या शेतावर जेवत होतं. हरकत असेल तर ठाण्याच्या कचेरीत येऊन सांगा, अशी नोटीस आली. दादाला धीर होता. ऐकणारा येगळा असंल, मी त्याला समदं सांगीन, असं तो वाटभर म्हणत होता. आम्ही आत गेलो तर खुर्चीवर तेच साहेब, जे साखळी घेऊन शेत मोजायला आले होते आणि ज्यांनी ते घ्यावं म्हणून वर लिहिलं होतं. माणूस वाईट नव्हता हो. नीट विचारलं, "बोला, काय हरकत आहे तुमची?"

"सायेब, तुमी उठा. मंग बोलतो," दादा म्हणाला.

साहेबांना काही उमजेना. मी गावची रीत सांगितली, तसे ते हसले. "अहो, कायद्यानं मीच ऐकायचं आहे. तुम्ही बोला तर खरं."

दादा गप्प. मी कोपरानं ढोसलं, कानाशी लागलो, शेवटी वैतागून म्हणालो, "अरे बोल ना रे बाबा, शेत चाललंय तुझं." तो आपला उभा, साहेब कधी उठतात त्याची वाट बघत... बराच वेळ गेला. मग कारकुनानं लिहून घेतलं, की हरकतदाराला काही सांगायचं नाही. शेत गेलं.

वकिलांनी कागद बघितले आणि हात वर केले. म्हणाले, "हा बोलला असता तर लढलो असतो. आता काय घेऊन लढू?" तेच आम्ही सगळे दादाला म्हणत राहिलो, हट्टापायी पोटावर पाय आणलास. तो ऐकून घेई. एकदाच म्हणाला, "त्याच्याफुडं बोललो असतो, त त्यो पंच हाय असं मीच कबूल केलं असतं." गोदाम आजतागायत झालेलं नाही. कुंपणाआड नुसतं गवत माजलंय.

शेत गेलं ते गेलंच, पण रीतही गेली. पुढच्या वर्षी एका पंचाच्या जावयाचा तंटा आला आणि पंच बसूनच राहिला. दादानं त्याला उठायला सांगितलं. "ठाण्याचा सायेब उठला नाय, मी कशाला उठू?" तो म्हणाला, आणि सगळा गाव हसला. तेव्हापासून कुणी उठत नाही. दादानं ओट्याची पायरी चढणं सोडलं. त्याच्या जागी त्याचा थोरला मुलगा नामा पंच म्हणून बसू लागला.

बाराव्यानंतर राहतं घर आणि मागचं परडं यांची वाटणी ओट्यावर आली. भाऊ दोनच, नामा आणि पोशा. नामा वर पंचांत बसलेला. तो उठला नाही, आणि ऊठ असं कुणी म्हणालंही नाही. पोशा बापासारखा गप्प राहिला नाही. परड्याला पाणी कुणी घातलं, बापाचं शेवटचं दुखणं कुणी काढलं, बाप काय सांगून गेला, सगळं बोलला. शांतपणे, न रडता बोलला. पंचांनी ऐकलं, नामानंही ऐकलं. मग नामानंच निकाल सांगितला. घर आणि परडं थोरल्याचं, मागची पडवी पोशाची.

परत येताना पोशा म्हणाला, "काका, मी त समदं बोललो. कुटं चुकलो?"

"कुठंच नाही रे," मी म्हटलं. "तुझा बाप बोलला असता, तरी शेत गेलंच असतं."

हे दादाला ऐकवायचं राहून गेलं.